१०,२१८ रुपये कुणाचे?

शेतीवर कुणी बोलायला उभे राहिले, की गेली काही वर्षे समोरून एकच आकडा पुढे केला जातो. ग्रामसभेत तो ऐकला आहे, मेळाव्याच्या मंचावरून ऐकला आहे आणि चतुर्थीला घरी आलेल्या शिकल्यासवरल्या पाहुण्यांच्या तोंडूनही ऐकला आहे. "देशात शेतकरी कुटुंबाचे सरासरी उत्पन्न महिन्याला १०,२१८ रुपये झाले. सहा वर्षांआधी ते ६,४२६ होते. वाढ दिसत असताना तक्रार कसली करता?" गोव्यात याच्या पाठोपाठ आणखी एक वाक्य हमखास येते: "आपल्या राज्याचे दरडोई उत्पन्न तर देशात सर्वांत वरच्या रांगेत आहे. इथला माणूस शेती करतो ती हौसेने."

पेडणे तालुक्यात वाढलेला आणि अजून दर पावसाळ्यात चिखलात उतरणारा माणूस म्हणून मला हे दोन्ही दावे मान्य नाहीत. आकडा खोटा आहे असे मी म्हणत नाही. तो राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचा आहे, घरोघरी फिरून गोळा केलेला आहे, आणि तो गोळा करणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझे भांडण आहे ते त्या आकड्याकडून जे वदवून घेतले जाते त्याच्याशी. शेतकऱ्याच्या घरात येणारा पैसा आणि शेतीतून येणारा पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ केली, की शेती मरत असतानाही शेतकरी सुधारतो आहे असे कागदावर दिसते. पेडणे आणि डिचोलीत नेमके हेच चालले आहे.

आधी हा आकडा येतो कुठून ते पाहू. संसदेत दरवर्षी प्रश्न विचारला जातो, दरवर्षी उत्तर मिळते, दरवर्षी बातमी छापून येते. त्यामुळे वाचणाऱ्याची समजूत होते की कुणीतरी दरवर्षी मोजते आहे. दरवर्षी कुणीही मोजत नाही. शेतकरी कुटुंबांच्या परिस्थितीचे हे सर्वेक्षण आजवर तीनदा झाले. २००३ च्या ५९व्या फेरीत महिन्याचे उत्पन्न २,११५ रुपये निघाले. ७०व्या फेरीत, म्हणजे जुलै २०१२ ते जून २०१३ या शेतीवर्षासाठी, ६,४२६ निघाले. ७७व्या फेरीत, जुलै २०१८ ते जून २०१९ साठी, १०,२१८ निघाले. त्यानंतर कोविड आला आणि गेला, खताचे आणि डिझेलचे भाव चढले, आमच्या सड्यावर मोप्याचा विमानतळ उभा राहिला आणि २०२३ च्या जानेवारीत तिथून विमाने उडू लागली. आकडा मात्र १०,२१८ च राहिला. नवे उत्तर जुन्याच कागदावरून वाचून दाखवले जाते.

काही जण मग नाबार्डचा आकडा आणतात. २०२१-२२ च्या त्या सर्वेक्षणात शेतकरी कुटुंबाचे महिन्याचे उत्पन्न १३,६६१ रुपये निघाले आहे. "बघा, आणखी वाढले." पण नाबार्डच्या सर्वेक्षणात पन्नास हजारांपेक्षा कमी वस्तीची निमशहरी गावेही येतात, आणि कुणाला शेतकरी कुटुंब म्हणायचे याची अटही वेगळी आहे. एक रास पायलीने मोजायची, दुसरी किलोने मोजायची आणि दोन्हींतल्या फरकाला पीक वाढले म्हणायचे, अशातला हा प्रकार. शिवाय त्या १३,६६१ मध्येही पिकाचा वाटा साधारण एक तृतीयांशच आहे. तेवढे वाक्य मात्र कुणी वाचून दाखवत नाही.

आता १०,२१८ उघडून पाहू. त्यात मजुरीचे आणि पगाराचे ४,०६३ आहेत. पिकाचे ३,७९८. जनावरांचे १,५८२. शेतीबाहेरच्या धंद्याचे ६४१. जमीन दुसऱ्याला कसायला दिली त्याचे १३४. म्हणजे देशातल्या ज्या घराला आपण शेतकऱ्याचे घर म्हणतो, त्या घरातही सगळ्यांत मोठा वाटा पिकाचा नाही, दुसऱ्याकडे केलेल्या कामाचा आहे. त्याच्या सहा वर्षे आधी असे नव्हते. तेव्हा पिकाचे ३,०८१ होते आणि मजुरी-पगाराचे २,०७१. मजुरी-पगार सहा वर्षांत जवळजवळ दुप्पट झाला आणि पिकाची मिळकत १०० रुपयांची १२३ झाली. त्या काळातली महागाई वजा केली तर पिकाची मिळकत वाढली नाही, घटली. जनावरांचे उत्पन्न मात्र ७६३ वरून दुपटीच्या वर गेले, हेही सांगितले पाहिजे. दूध आणि कोंबड्या यांनी पुष्कळ घरे सावरली. पण ज्याला आपण पीक म्हणतो, ज्याच्यासाठी धरणे बांधली आणि कालवे काढले, त्याचे म्हणाल तर घरामागे दिवसाला सव्वाशे रुपये. गोव्यात सव्वाशे रुपयांत अर्ध्या दिवसालाही माणूस मिळत नाही.

आणि हे सव्वाशे रुपयेही खिशातून प्रत्यक्ष गेलेला खर्च तेवढाच वजा करून आलेले आहेत. त्याच सर्वेक्षणाने दुसरा हिशेबही दिला आहे. घरून लागलेल्या, विकत न घेतलेल्या गोष्टींची किंमत धरली, की महिन्याचे १०,२१८ चे ८,३३७ होतात. दोन्ही आकडे एकाच अहवालात आहेत. भाषणात येतो तो मोठा.

हे कागदावरचे झाले. आता आमच्या वाड्यावरचे एक घर सांगतो. नाव सांगत नाही, आम्ही सगळे तिला काकी म्हणतो. वय सत्तरीच्या आसपास. घरामागे डोंगराच्या उतारावर काजूची झाडे आहेत, खाली सरदीच्या, म्हणजे पावसाळी, भाताचा एक तुकडा आहे. धाकटे पोर मोरजीकडे एका हॉटेलात पर्यटनाच्या हंगामापुरते, वर्षाचे आठ महिने, काम करते आणि महिना १४,००० आणते. थोरला मोप्याच्या बाजूला एका ठेकेदाराकडे बारमाही कामाला आहे, त्याला १६,००० मिळतात. दोघांपैकी कुणीही शेतात पाय ठेवत नाही. काजू वेचते ती काकी.

गेल्या हंगामात मी तिच्याबरोबर बसून हिशेब केला. मार्चपासून मेच्या मध्यापर्यंत ती किती सकाळी डोंगरावर गेली हे विचारले तेव्हा ती म्हणाली, "दिवस कसले मोजतोस रे? उठले की जाते." तरी मागेपुढे आठवत आम्ही पंचावन्न सकाळी मोजल्या. बिया निघाल्या साठ किलो. सरकारने २०२३ मध्ये काजूला किलोमागे १५० रुपयांचा आधारभाव दिला, त्या भावाने ९,००० झाले. बोंडू भाटीवाल्याने नेले त्याचे दीड हजार आले. हंगामाआधी झाडाखालचे रान साफ करायला दोन माणसे तीन दिवस लावली, त्यांचे ४,२०० गेले. राहिले ६,३००. पंचावन्न सकाळींनी भागले तर सकाळीमागे एकशे चौदा रुपये. वाकून, काट्यांतून, सापाची भीती धरून आणि माकडांच्या आधी पोचायचे म्हणून उजाडण्यापूर्वी उठून. भात घरी खाण्यापुरते होते, विकायला उरत नाही.

आता याच घरात सर्वेक्षक आला असे समजा. सर्वेक्षणाची व्याख्या अशी आहे: वर्षभरात ४,००० रुपयांहून जास्त किमतीचे शेती-उत्पादन घेतलेले आणि किमान एक माणूस स्वतःच्या शेतीत राबणारा असलेले घर म्हणजे शेतकरी कुटुंब. १५० रुपयांच्या आधारभावाने सत्तावीस किलो काजू निघाले, की ही अट पुरी होते. काकीचे घर शेतकऱ्याचे घर ठरले. मग त्या घरात येणारा सगळा पैसा शेतकरी कुटुंबाच्या उत्पन्नात लिहिला जातो. थोरल्याचे वर्षाचे १,९२,०००, धाकट्याचे १,१२,०००, काजूचे ६,३०० आणि वर भाताची किंमत. महिन्याला पंचवीस हजारांच्या वर. पंजाबातल्या शेतकरी कुटुंबाचा आकडा २६,७०१ आहे. म्हणजे कागदावर आमची काकी पंजाबच्या शेतकऱ्याच्या जवळपास जाऊन बसते, आणि भाताचे मूल्य धरूनही तिच्या घरात शेतीचा वाटा शंभरात पाच भरत नाही.

ज्यांना शेतकऱ्याचे भले झाले असे सांगायचे आहे, त्यांना हे घर उदाहरण म्हणून चालेल. मला विचाराल तर हे घर शेतीने उभे नाही. शेतीच या घराने अंगावर धरून ठेवली आहे. दोन पोरांच्या पगारावर आणि एका म्हाताऱ्या बाईच्या पहाटेवर ती काजूची झाडे टिकून आहेत. ती बाई थकली की रान माजणार, आणि रान माजले की जमिनीचा दलाल येणार. हे पेडण्यात कुणाला नव्याने सांगायला नको.

याहून गंभीर दोष दुसरा आहे, आणि त्याच्याबद्दल मी कुठे बोललेले ऐकले नाही. शेतीतून ज्याचे उत्पन्न शून्य झाले तो माणूस सरासरीत शून्य म्हणून मोजला जात नाही. तो यादीतूनच नाहीसा होतो.

माझी बहीण डिचोलीत मये गावात दिलेली आहे. तिच्या सासरची सरदीची जमीन वरच्या बाजूच्या खाणीच्या पायथ्याशी. दर पावसाळ्यात तांबडी माती पाण्याबरोबर खाली यायची आणि शेतात बसायची. पहिली काही वर्षे त्यांनी ती उपसली. मग एक वर्ष भात लावले आणि लोंब्या भरल्याच नाहीत. त्यानंतर दोन वर्षे जमीन पडीक ठेवली, आणि तिसऱ्या वर्षी नांगर विकला. शेजारच्या शिरगावात खाणींमुळे शेतांत गाळ आला, विहिरी आटल्या, आणि ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेले. ज्या घरांनी असे शेत सोडले, ती घरे पुढच्या सर्वेक्षणात शेतकरी कुटुंबे राहिलीच नाहीत. चार हजारांचे उत्पादन नाही, शेतात राबणारा माणूस नाही. गावातली दहा घरे शेती करत होती आणि त्यांतल्या सगळ्यांत कमी पिकवणाऱ्या चौघांनी ती सोडली, तर उरलेल्या सहांच्या पिकाची सरासरी आपोआप वर जाते. कुणाच्या शेतात एक दाणा जास्त पिकलेला नसतो. चार शेते मेली, आणि अहवालात त्याचे नाव वाढ.

मयेत शेत टिकवण्यात आणखी एक गाठ आहे. तिथली बरीचशी जमीन स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून अडकून पडली होती. पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्यांना मालकी मिळावी म्हणून लोकांनी कैक वर्षे लढा दिला आणि २०१४ मध्ये त्यासाठी कायदा झाला. पण जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर ज्याचे नाव नाही त्याला योजनेच्या प्रत्येक दारात अडखळावे लागते, हे गोव्यातल्या प्रत्येक कुळाला ठाऊक आहे.

खाणीवरून आठवले ते इथेच सांगतो, कारण या आकड्यांवर विसंबून राहणाऱ्यांनी त्याचा विचार केलाच पाहिजे. डिचोलीतल्या कितीतरी शेतकरी घरांत खाणीवर चालणारा ट्रक होता. त्या ट्रकचे पैसे हे शेतकरी कुटुंबाचे शेतीबाहेरच्या धंद्याचे उत्पन्न. आता तारखा पाहा. बेकायदा खाणकामावरच्या शहा आयोगाच्या अहवालानंतर १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणी थांबवल्या, आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. सर्वेक्षणाचे शेतीवर्ष होते जुलै २०१२ ते जून २०१३. पुढे मर्यादित प्रमाणात खाणी सुरू झाल्या, आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीज रद्द होऊन मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. पुढचे सर्वेक्षणाचे वर्ष होते जुलै २०१८ ते जून २०१९. दोन्ही वेळा मोजणी झाली ती ट्रक दारात उभे असताना. मधल्या काळात मोजले असते तर डिचोलीतला शेतकरी कितीतरी श्रीमंत निघाला असता, आणि त्याच्या भातात एका पेंढीचाही फरक पडलेला नसता. न्यायालयाच्या खाणींवरच्या निकालाने ज्या आकड्यात चढउतार होऊ शकतो, त्याला शेतीच्या तब्येतीचे माप कसे म्हणायचे?

आणि एवढे करून, हे सगळे आकडे गोव्याचे आहेत का? नाहीत. ७७व्या फेरीची जी राज्यवार यादी कृषी मंत्रालय संसदेत ठेवते, तिच्यात महाराष्ट्र ११,४९२ आहे, कर्नाटक १३,४४१ आहे, केरळ १७,९१५ आहे. सर्वांत वर मेघालय २९,३४८ आणि सर्वांत खाली झारखंड ४,८९५. गोव्याचा रकानाच नाही. ७०व्या फेरीच्या यादीतही तो नव्हता. इथला शेतकरी हौसेने शेती करतो असे छातीठोक सांगणाऱ्यांनी मला एवढेच सांगावे, की हे तुम्हाला कुठल्या मोजणीवरून कळले?

राज्य लहान आहे, नमुना पुरत नाही, हे उत्तर मी ऐकले आहे. ते टिकत नाही. त्याच यादीत सिक्कीमचा आकडा आहे, १२,४४७. मिझोरामचा आहे, १७,९६४. २०११ च्या जनगणनेत सिक्कीमची ग्रामीण लोकसंख्या साडेचार लाखांच्या थोडी वर होती, मिझोरामची सव्वापाच लाख आणि गोव्याची साडेपाच लाख. गावात राहणारी माणसे आमच्याकडे त्या दोघांहून जास्त आहेत. त्यांचा आकडा निघू शकतो तर आमचाही निघू शकतो. तो मागितला पाहिजे, आणि तो आजवर कुणी जोर लावून मागितलेला नाही.

यात गोव्यापुरती आणखी एक अडचण आहे. हे सर्वेक्षण फक्त ग्रामीण भागाचे असते. २०११ च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी ठरली, देशातल्या सगळ्या राज्यांत सर्वांत जास्त. याचा अर्थ गोव्यात शेते उरली नाहीत असा नव्हे. पाच हजारांहून जास्त वस्ती, दाट लोकसंख्या आणि पुरुष कामगारांपैकी पाऊण हिस्सा शेतीबाहेर, एवढे जुळले की पंचायत असलेले गावही जनगणनेच्या पुस्तकात शहर होते. तिथे खाजन आहे, माड आहेत, वायंगणाच्या रब्बी भाताची लावणी होते, पण तिथला शेतकरी या सर्वेक्षणाच्या बाहेर. पेडणे, डिचोली, साखळी या पालिकांच्या हद्दीत राहून बाहेरच्या वाड्यांत शेत करणारे तर कधीच यात येणार नाहीत. जिथे हॉटेल आणि कारखाने शेताच्या मेरेला येऊन टेकले आहेत, जिथे शेती टिकवणे सगळ्यांत कठीण आहे, तीच गावे मोजणीतून गळतात.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यांत बळकट मुद्दा घेतो, कारण तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. ते म्हणतात: घर कशावर चालते याला महत्त्व द्या. पोर विमानतळावर कमावते, आई काजू वेचते, घर सुखी आहे. उत्पन्न कुठून आले याचा कीस काढून काय करायचे? सगळ्या जगात शेतकऱ्यांची घरे अशीच मिश्र उत्पन्नावर चालतात.

घराचे सुख पाहायचे असेल तर हे म्हणणे खरे आहे. काकीच्या घरात दोन वेळची चूल पेटते याचा मला आनंदच आहे. पण हाच आकडा उद्या काजूचा आधारभाव ठरवताना पुढे येतो. तिळारीचा कालवा फुटला आणि ऐन वायंगणात पाणी बंद झाले, तेव्हा दुरुस्तीची घाई किती हे ठरवतानाही येतो. खाजनाचा बांध फुटून खारे पाणी कोरगावच्या शेतात घुसले, किंवा २०२५ च्या सप्टेंबरात दोडामार्गाकडून ओंकार हत्ती पेडण्यात उतरून उभे भात तुडवून गेला, तेव्हा भरपाईची गरज किती हे जोखताना मनात तोच आकडा असतो. "यांचे पोट काही शेतीवर नाही." पोराच्या पगाराने शेतीची भरपाई नाकारली जाते. पगार त्याने कमावला, श्रेय शेती धोरणाने घेतले आणि किंमत शेताने मोजली.

शेतीत राहायचे की नाही हे ज्या वीस-बावीस वर्षांच्या पोराला ठरवायचे आहे, त्यालाही घराच्या बेरजेचा उपयोग नाही. त्याला कळायला हवे की हरमलच्या मिरचीचा एक वाफा लावला तर दिवसाच्या कामाला किती सुटतात. हरमल मिरचीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये मिळाले. प्रमाणपत्रे झाली, पाट्या लागल्या. त्या मिरचीने लावणाऱ्याच्या हातात दिवसाला किती रुपये पडतात, याचा एकही नियमित सरकारी आकडा तो पोरगा विचारायला गेला तर त्याच्या हाती पडणार नाही. सड्यावरची काकडी आणि दोडकी, भातानंतरचे अळसांदे, डिचोलीतली कुळागरे, सगळ्यांची तीच गत. रानडुकरांच्या त्रासाने अळसांदे पेरणेच ज्यांनी सोडले, त्यांचे नुकसान तर कुठल्याही तक्त्यात बसत नाही, कारण जे पेरले नाही त्याचे नुकसान कोण लिहिणार?

उत्पन्न दुप्पट करण्याच्या घोषणेची कहाणीही हेच सांगते. २०१६ च्या फेब्रुवारीत बरेलीत पंतप्रधानांनी ते जाहीर केले, अशोक दलवाई यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, चौदा खंडांचा अहवाल आला. पायाभूत वर्ष २०१५-१६ ठरले, पण त्या वर्षी मोजणी झालेलीच नव्हती. म्हणून २०१२-१३ चा आकडा पुढे खेचून वर्षाला ९६,७०३ रुपये असा अंदाज मांडला गेला. पल्ला गाठायचा होता २०२२ पर्यंत, आणि २०२२ मध्येही राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने शेतकरी कुटुंबांची मोजणी केली नाही. सुरुवातीची रेघ अंदाजाने ओढलेली, शेवटची रेघ ओढलीच नाही. त्या वर्षी जुलैत भारतीय कृषी संशोधन परिषदेने उत्पन्न दुप्पट झालेल्या ७५,००० शेतकऱ्यांच्या यशोगाथा प्रसिद्ध केल्या. त्या शेतकऱ्यांचे मला कौतुक आहे, त्यांनी कष्ट केले असणार. पण निवडून आणलेल्या पंचाहत्तर हजारांवरून कोट्यवधींचे काय झाले ते कळत नाही. दुप्पट झाले की नाही याचे प्रामाणिक उत्तर एवढेच आहे, की ते कुणी मोजले नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि तिला वेळही बरोबर आली आहे. शेतकरी कुटुंबांचे पुढचे सर्वेक्षण जुलै २०२६ ते जून २०२७ या काळात होईल असे केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने जाहीर केले आहे. अशा सर्वेक्षणांत केंद्राच्या नमुन्याबरोबर राज्यांना आपला नमुना जोडता येतो. गोव्याच्या नियोजन, सांख्यिकी व मूल्यमापन संचालनालयाने तो जोडावा आणि एवढा मोठा जोडावा, की गोव्याचा स्वतंत्र आकडा निघेल. जनगणनेने शहर ठरवलेल्या पंचायतींतली शेतकरी घरे त्यासोबत मोजावीत. केंद्राच्या चौकटीत ती बसत नसतील तर राज्याने स्वतःच्या खर्चाने मोजावीत. पेडण्याचा आणि डिचोलीचा हिशेब वेगळा मांडावा, कारण विमानतळाच्या सावलीतले शेत आणि खाणीच्या पायथ्याचे शेत यांची दुखणी एक नाहीत. पिकाची मिळकत पगारापासून वेगळी छापावी आणि ती घरच्या माणसांच्या कामाच्या दिवसांनी भागून छापावी. गेल्या मोजणीनंतर ज्यांनी शेत सोडले त्यांच्या दारातही जावे आणि का सोडले ते विचारावे. पेडणे आणि डिचोलीच्या आमदारांनी विधानसभेच्या येत्या अधिवेशनात गोव्याचा रकाना कुठे आहे एवढा एक प्रश्न विचारावा.

आणि तुम्ही, जे हे वाचत आहात आणि ज्यांच्या घरामागे चार काजू आहेत, तुमच्या सोप्यावर सर्वेक्षक येऊन बसला तर घाईने एक गोल आकडा सांगून त्याला वाटेला लावू नका. आईला आतून बाहेर बोलवा, कारण हिशेब तिच्याकडे आहे. पोराचा पगार एका ओळीत लिहायला सांगा, काजूचे पैसे दुसऱ्या ओळीत. आणि डोंगरावर किती सकाळी गेल्या ते सांगा, त्याने विचारले नाही तरी सांगा.